चाळणीआडचे काका

आमचे ड्रायव्हर काका आयुष्यात एकदाही तुरुंगात गेलेले नाहीत. पण त्यांच्याइतका तुरुंग भोगलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. त्यांनी भावकीत डोकी फोडली आहेत, ट्रॅक्टर पळवले आहेत, गुत्त्यावर मारामाऱ्या केल्या आहेत आणि एकदा तर ऐन सत्तरीत शेजारच्या गावची नवरी पळवून नेली आहे. हे सगळं त्यांनी केलं ते स्वतःच्या घराच्या ओसरीवर, पाटावर मांडी घालून आणि तोंडापुढे गहू चाळायची मोठी चाळण धरून. आतून काकू विचारतात, "आज कोण हायेत हो तुम्ही?" काका खर्जात उत्तर देतात, "आज मी अंबडचा हाये. ट्रॅक्टर चोरलाय." "ट्रॅक्टर चोरा न्हाई तर इमान चोरा," काकू म्हणतात, "चहा बिनसाखरेचाच मिळंल. डॉक्टरनं बिलकुल मनाई केलीय." मग तो अट्टल ट्रॅक्टरचोर मुकाट्यानं बशी तोंडाला लावतो.

काका एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. जालन्यातल्या एका जुन्या चर्चच्या मंडळीतले. त्या मंडळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक काम अंगावर घेतलेलं आहे: ज्यांच्या घरचं माणूस तुरुंगात आहे, त्या घरांना धरून राहायचं. कुणाच्या पोरांच्या शाळेचं पाहायचं, कुणाबरोबर कोर्टाच्या तारखेला जाऊन बाकावर बसून राहायचं, आणि ज्या घरी नातेवाईक यायचे बंद झाले आहेत त्या घरी सणावाराला आवर्जून जाऊन जेवायचं. ज्यानं केलं तो आत आहे, पण ज्यांनी काहीच केलं नाही ती माणसं बाहेर राहून शिक्षा भोगतात, एवढा साधा विचार त्यामागे आहे. बाकीची मंडळी ही कामं गुपचूप करतात. काकांना गुपचूप काही करता येत नाही. त्यांनी स्वतःकडे घेतलं ते मुलाखतीच्या तालमीचं खातं.

तुरुंगातल्या मुलाखतीला कधी जायची वेळ आली नसेल, तर ती कधी न येवो. मध्ये काच असते, दोन्ही बाजूंना फोन असतात आणि मिळतात ती मोजकी मिनिटं. महिना महिना वाट पाहिलेली माणसं त्या मिनिटांत काय करतात? रडतात, नाहीतर भांडतात, नाहीतर मुकी होऊन बसतात. बोलायचं असतं ते राहून जातं. काकांचं म्हणणं असं, की गाडी स्टँडातून काढायच्या आधी ब्रेक पाहतात, टायर पाहतात, आणि एवढ्या मोठ्या कामाला माणसं तशीच कशी जातात? म्हणून आधी त्यांच्या ओसरीवर तालीम. चाळण म्हणजे काच. काका म्हणजे कैदी. कैद्याच्या कानाला टीव्हीचा रिमोट आणि भेटायला आलेल्याच्या कानाला काकूंचं लाटणं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती तुरुंगाच्या दारातच. मी बदनापूरला शाळेत शिकवते, राहते जालन्यात. माहेर टेंभुर्णीजवळचं, थोडी शेती, थोडी मेंढरं आणि शेजारच्याच रानात मामाचं घर. विहीर दोघांत सामाईक. त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या दादाचं आणि मामाच्या मुलाचं भांडण झालं आणि ज्याचा आवाज घरातसुद्धा कधी चढला नव्हता त्या माझ्या दादानं फावडं उचललं. मामाचा मुलगा वाचला, पण त्याचा उजवा हात लुळा पडला. दादाला शिक्षा लागली आणि त्याची रवानगी संभाजीनगरच्या मोठ्या तुरुंगात झाली. मायनं दवाखान्याच्या व्हरांड्यात, आपल्या धाकट्या भावासमोर, कनवटीचा खंडोबाचा भंडारा हातात घेऊन शपथ घेतली, की या पोराचं तोंड मी पुन्हा पाहणार नाही. त्या दिवसापासून तिनं त्याचं नावही घेतलं नाही. आम्ही बोलायला लागलो की ती उठून मेंढरांकडे जायची.

तेव्हा पहिल्या मुलाखतीला मी एकटीच गेले. कागदपत्रं बरोबर होती, शब्द तेवढे बरोबर नव्हते. दादा रडला, मी रडले, फोन कानाला लावून आम्ही एकमेकांचं रडणं नीट ऐकून घेतलं आणि वेळ संपली. मी विचारायला काय गेले होते, तर मोटरच्या स्टार्टर-पेटीची किल्ली त्यानं कुठं ठेवलीय. कारण रानात हरभरा वाळून चालला होता. बाहेर आले तर झाडाखाली एक उंच, काळेसावळे, खाकी पँट घातलेले गृहस्थ डबा खात बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय बाई, रडून झालं अन् बोलायचं ऱ्हाऊन गेलं, बराबर?" मी चमकले. "तुम्हाला कसं कळलं?" "समद्यांचं तेच होऊन राह्यलंय. आमच्या एस.टी.त बी लोक गाडी सुटल्यावरच म्हणायचे, पिशवी खाली ऱ्हायली. घ्या, भाकरी घ्या. रविवारी जालन्याला आमच्या घरी या. तालीम करू."

मला वाटलं माणूस थोडा सटकलेला आहे. तो अंदाज चुकीचा नव्हता, फक्त थोडा कमी पडला. रविवारी गेले, लाटणं कानाला लावलं, आणि चाळणीमागून काकांनी असा काही हंबरडा फोडला, की मी दादासाठी रडायची ते विसरून त्यांनाच पाणी द्यायला उठले. "बसा!" चाळणीमागून हुकूम आला. "तिथं पाणी देता येत न्हाई. मी रडून राह्यलो, रडू द्या. तुम्ही किल्लीचं इचारा!" पाचव्या खेपेला मला त्या रडण्याच्या वरताण आवाजात किल्लीचं विचारता आलं. पुढच्या मुलाखतीत दादा खरोखर रडला आणि मी खरोखर विचारलं. किल्ली देवळीत हळदीच्या डब्यात निघाली. हरभरा वाचला. माझ्या नवऱ्यानं त्या दिवसापासून काकांना सटकलेलं म्हणणं बंद केलं.

काकांचं सगळं वागणं अजून एस.टी.तच आहे. स्कूटरवर बसले तरी हात बाहेर काढून इशारा देतात, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक थांब्यावर, कुणी चढणारं-उतरणारं नसलं तरी, क्षणभर थांबतात. मागं बसलेल्या काकूंनी पाठीवर दोनदा थाप मारल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. एकदा काकू भाजी घ्यायला उतरल्या आणि मागून कुण्या बैलानं काकांच्या पाठीला डोकं घासलं, तर काका तिथून थेट घरी पोचले आणि दारात उभं राहून "उतर" म्हणाले. काकू तासाभरानं रिक्षानं आल्या. ही हकिगत त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल, प्रत्येक वेळी नव्या संतापानं.

प्रार्थनासुद्धा काका डोळे उघडे ठेवून करतात. पाळकसाहेबांनी टोकलं, तर म्हणाले, "साहेब, बत्तीस वर्षं गाडी हाणली. माणसं भरलेली असताना डोळे झाकायची हिंमत होत न्हाई." आणि प्रार्थना तरी कशी, तर अगदी बारीकसारीक तपशिलाची. जज्जसाहेबाची पाठदुखी, गेटवरच्या शिपायाच्या मुलीचा अभ्यास, अमक्या बाईची म्हैस गाभण राहत नाही ती राहू दे, तमक्या म्हातारीला खिडकीजवळची जागा मिळू दे. देवालाही बिचाऱ्याला सगळं तालुक्यानिहाय सांगावं लागतं, असं त्यांना वाटत असावं. कुणाच्या घरी गेले तर आधी विचारतात, "तुमच्यासाठी माझ्या देवाला दोन शब्द बोललो तर चालंल का?" कुणी नको म्हटलं तर अजिबात वाईट वाटून घेत नाहीत. नंतर स्कूटरवरून जाताना मोठ्यानं बोलतात, ते गल्लीभर ऐकू येतं.

त्यांच्या अभिनयाबद्दल चर्चमध्ये दोन मतं नाहीत. एकच आहे, आणि ते फारसं चांगलं नाही. एका नाताळात त्यांना बाळ येशूला मारायला निघालेल्या दुष्ट राजा हेरोदाचं काम दिलं होतं. काकांनी तलवार उपसून अशी गर्जना केली, की पुढं बसलेली सगळी चिल्लीपिल्ली एकदम रडायला लागली. झालं, हेरोद राजाचं काळीज पाघळलं. तो सिंहासनावरून उतरला, मिशी काढून खिशात घातली आणि "रडू नका रे, मी तुमचा काका हाये, मारत बिरत न्हाई कोणाला" असं म्हणत पोरांना बिस्किटं वाटत सुटला. मागं मरिया आणि योसेफ गाढव घेऊन मिसर देशाला पळायच्या तयारीत उभे होते. त्यांना पळायला काही कारणच उरलं नाही. तेव्हापासून नाटकात काकांना पडदा ओढायचं काम असतं.

पण ओसरीवर त्यांना अडवणारं कुणी नाही. अंबडच्या एका बाईचा नवरा त्यांनी इतका हुबेहूब केला, त्याच्यासारखंच "मी कुठं दारू पेलतो?" असं इतक्या निरागसपणे म्हणाले, की तिनं फोन म्हणून कानाला लावलेलं लाटणं फोन राहिलं नाही. काकांच्या कपाळावर टेंगूळ आलं. काकूंनी हळद लावली. बाई रडून माफी मागायला लागली तर काका खुशीत म्हणाले, "आता तिकडं गेल्यावर हात शिवशिवणार न्हाईत तुमचे. इथंच मोकळे झाले." आणि खरंच, त्या नवरा-बायकोचं पुढच्या मुलाखतीत पहिल्यांदा सरळ बोलणं झालं म्हणे.

आणखी एकदा ते "व्हय, मीच मारलं त्याला! मीच!" असं ओरडत असताना गल्लीतून एक जमादार सायकलवरून चालला होता. तो सायकल टाकून आत धावला. सगळा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. काकांनी त्याला चहा पाजला, साखरेचा, आणि वर म्हणाले, "साहेब, आमच्यात एका माणसाची कमी हाये. टाइम झाला म्हणून वरडायला कोणीच न्हाई." तो जमादार आता सुटीच्या रविवारी येऊन बसतो आणि घड्याळ पाहून "टाइम झाला!" असा ओरडतो, की खऱ्या तुरुंगातले लोकही बरे वाटावेत. काकू म्हणतात, "या माणसाशी लगीन करून मी जिल्ह्यातल्या समद्या कैद्यांची बायको झाले. एकानं बी कधी भांडं घासू लागलं न्हाई."

मी हे सगळं हसत सांगतेय, कारण आज मला हसता येतंय. तेव्हा आमच्या घरात हसू नव्हतं. दादा दर मुलाखतीला एकच प्रश्न नजरेनं विचारायचा आणि मी मायच्या तब्येतीचं काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचे. तो दिवसेंदिवस वाळत चालला होता. एकदा म्हणाला, "सुटून तरी कुठं येऊ?" मी येऊन काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मायला आणा." मी म्हटलं, ती येणार नाही. काका म्हणाले, "मंग मी जातो. गाडी येत नसंल तर ड्रायव्हरनं चालत जायचं असतं."

आणि गेले. टेंभुर्णीपर्यंत बसनं आणि पुढं पायी. मायनं त्यांना मेंढरांच्या वाड्याबाहेरच उभं केलं. "बाटवाया आला का? आमचा खंडोबा सोडून मी कुठं जाणार न्हाई." काका म्हणाले, "कशाला सोडता? त्याला बी संग घ्या. आमच्या गाडीत जागा हाये." मायला हसू आलं नाही, पण तिनं पाणी दिलं. त्यानंतर काका जातच राहिले. दादाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मेंढराच्या खुराला औषध लावू लागले, भाकरी-ठेचा खाल्ला, डोळे उघडे ठेवून तिच्या मेंढरांसाठी प्रार्थना केली. मेंढरं मोजून घेतली आणि एक लंगडतंय तेही देवाच्या कानावर घातलं. ते मात्र मायला आवडलं. "मानूस येडा हाये," ती मला म्हणाली, "पर मेंढरं वळखतो."

एके दिवशी तिनंच त्यांना विचारलं, की हे लोकांच्या कैद्यांचं तुम्ही कशापायी करून राह्यलात. हा प्रश्न काकांना सगळेच विचारतात आणि ते प्रत्येकाला वेगळं उत्तर देतात. मला म्हणाले होते, घरी बसून कंबर धरते. काकूंना म्हणतात, तुझ्या बडबडीतून सुटका. मायला मात्र म्हणाले, "आक्का, माझ्या देवाला बी पकडून नेलतं. रातभर डांबून ठेवलतं. त्याच्या माउलीला कोणी मुलाखत करून दिली न्हाई. तिनं डायरेक खांबावर टांगल्यावरच पाह्यलं." मायनं विचारलं, "मंग? काय बोलली ती?" "ती काय बोलली, ठाऊक न्हाई. तोच बोलला. जवळच्या माणसाला म्हणला, हिला तुझ्या घरी ने, आता ही तुझी माय." माय मेंढराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पोरगं शहाणं व्हतं." एवढंच. पण त्या रात्री तिनं जेवताना, घरी आलेल्या माझ्या बहिणीच्या नवऱ्याला विचारलं म्हणे, की संभाजीनगर जालन्याहून किती लांब.

पुढं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माय माझ्याकडे जालन्याला आली. डोळ्यावर काळा चष्मा, डोक्यावर पदर, आणि घरात बसवेना. रविवारी मी तालमीला निघाले तर म्हणाली, "मी बी येते. त्या येड्याचं घर तरी पाहू." मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे दादाला कसं सांगायचं, याची त्या दिवशी तालीम होती, त्याला घाबरवायचं नव्हतं. माय ओसरीच्या कोपऱ्यात बसली, जमादार दाराशी बसला, मी लाटणं कानाला लावलं, आणि काकांनी चाळणीमागून सुरुवात केली. "मायच्या डोळ्याला काय झालं? माय! माझी माय!" कपाळ बडवून घेतलं, छाती पिटली, हेरोदापेक्षा बरा सूर लागला होता.

"तसा न्हाई वरडत तो," कोपऱ्यातून आवाज आला.

मी लाटणं खाली घेतलं. दोन वर्षांत तिनं दादाबद्दल काढलेला तो पहिला शब्द होता. काका चाळणीवरून डोकावले. "मंग कसा बोलतो, आक्का?" "हळू बोलतो. मान खाली घालून." काकांनी मान खाली घातली आणि हळू बोलले. "न्हाई. त्याचे हात मागं असतेत." काकांनी हात मागं नेले तर चाळण पडली. पुन्हा धरली. "न्हाई. पायाच्या अंगठ्यानं भुई उकरतो तो. डाव्या." काकांनी उजव्या अंगठ्यानं उकरली. "डावा म्हनलं!" डाव्यानं उकरली तर मान वर झाली. ज्या माणसानं जिल्ह्यातले सगळे गुन्हेगार लीलया केले, त्याला माझा एवढासा गरीब भाऊ काही केल्या जमेना. शेवटी त्यांनी चाळण खाली ठेवली आणि टॉवेलनं घाम पुसला. "न्हाई होत बुवा माझ्याच्यानं. आक्का, तुम्हीच बसा इकडं. मी तिकडं माय होतो."

मला वाटलं माय उठून जाईल. ती उठली आणि पाटावर जाऊन बसली. तिनं चष्म्यापुढे चाळण धरली. काकांनी तो टॉवेल डोक्यावर पदरासारखा घेतला आणि माझ्या हातातलं लाटणं घेऊन तिच्यासमोर बसले. एरवी मी पोट धरून हसले असते. काका बोलले ते मात्र अगदी साध्या, कोरड्या आवाजात, कसलाही अभिनय न करता. "मी तुझं तोंड पाहणार न्हाई."

मायची मान खाली गेली. एक हात पाठीमागं गेला. डाव्या पायाचा अंगठा ओसरीची फरशी उकरायला लागला. काळा चष्मा घातलेली, साठी उलटलेली माझी माय माझ्यासमोर हळूहळू दादा झाली. आणि दादाच्याच आवाजात, इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं, ती म्हणाली, "नको पाहू. पर येऊन बसत जा."

जमादाराचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. तो वेळ संपली म्हणून ओरडला नाही. काकू आतून आल्या आणि त्यांनी मायच्या हातातली चाळण काढून घेतली.

काकांना खरंच दादा जमत नव्हता, की त्यांनी जमवला नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "डावा-उजवा माझा पहिल्यापासून घोटाळा हाये." बत्तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस हे म्हणतो.

शपथ मात्र उरली होती. काकांनी तिच्यावर काही तोडगा सांगितला नाही. ते म्हणाले, "ज्याच्यासमोर घेतली त्याच्याकडंच जाऊ." चर्चच्या जुन्या गाडीतून त्यांनी आम्हाला मामाच्या दारात नेलं आणि स्वतः अंगणातच थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना न बोलता बसलेलं पाहिलं. माय मामाला म्हणाली, "भाऊ, मी शपथ परत मागाया आलेय. न्हाई म्हनलास तरी राग न्हाई." मामा छताकडे पाहत राहिला. मामीनं कुणाला न विचारता पानं घेतली. सगळे जेवलो, मामाचा मुलगाही पंक्तीला होता, आणि कुणाची नजर कुणाकडे नव्हती. हात धुताना मामा म्हणाला, "जा आक्का. पाहून ये. माझ्याकडून त्याला काही सांगू नको." अंगणात काकांपुढे मामीनं ताट नेऊन ठेवलं होतं, तेही त्यांनी तसंच, न बोलता संपवलं.

मुलाखतीच्या दिवशी माय काचेसमोर बसली आणि तिनं चष्मा काढला. डॉक्टरनं अजून काढू नका म्हणून सांगितलं होतं. पलीकडून दादा आला. तिला पाहून दारातच थबकला, शिपायानं हलकेच पुढं केलं तेव्हा येऊन बसला. मान खाली. फोन उचलला तरी बोलेना. मिनिटं चालली होती. मला काकांसारखं ओरडावंसं वाटत होतं, अरे बोल, वेळ संपेल. मायनंही काही बोलायची घाई केली नाही. मग त्यानं विचारलं. मायनं फोन किंचित कानापासून दूर धरला होता म्हणून मलाही ऐकू आलं.

"हाताला कसंय त्याच्या?"

दोन वर्षांनी आई समोर आली आणि तिच्या पोरानं पहिली गोष्ट विचारली ती ही. मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. म्हणाली, "भाकरी मोडतो आता त्या हातानं. येळ लागतो, पर मोडतो." दादानं कपाळ काचेला टेकवलं. माय रडली नाही. ती मेंढरांचं सांगत राहिली, मोटरीचं, डोळ्याचं, मामीनं केलेल्या पिठल्याचं, अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत, तालमीत बसवल्यासारखं नीट.

त्यानंतर दादा जेवायला लागला. सुटल्यावर कुठं येऊ, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही. आमचं घर उभं राहिलं ते त्या ओसरीवर, एवढं मला समजतं. देवाचे आभार मानताना खंडोबाचे मानू की काकांच्या येशूचे, हा माझा घोटाळा होतो, म्हणून मी दोघांचे मानते. काकांचे मानायला गेलं तर ते विषय म्हशीवर नेतात.

त्यांची आता नजर अधू झालीय, स्कूटर मुलाकडे दिलीय. तालमीत गुन्हे एकमेकांत मिसळतात. परवा ट्रॅक्टरचोरानं नवरी पळवल्याचा जबाब दिला. माय जालन्याला आली की त्यांच्याकडे भाकरी बांधून नेते. मुलाखत फक्त घरच्यांना मिळते, त्यामुळे ज्यांच्यासाठी काका इतकी वर्षं रडले-ओरडले, त्यांतल्या बहुतेकांचं तोंड त्यांनी कधी पाहिलेलं नाही. दादाचंही नाही. मागच्या रविवारी ते मायला विचारत होते, "आक्का, दिसायला कसा हाये हो तुमचा पोरगा?" माय म्हणाली, "सुटला की पहिलं भावाच्या दारात नेणार हाये. तिथून सरळ तुमच्याकडं. तुम्हीच पाहा."

काका हसले. "मंग जल्दी सुटू द्या त्याला," ते म्हणाले. "तवर मी ऱ्हायलो पाहिजे."

मायनं भाकरीचं फडकं सोडलं, भाकरी त्यांच्यापुढे ठेवली, आणि ते पूर्ण जेवेपर्यंत जागची उठली नाही.